मार्सेयची सरासरी

मराठी वाचकाला हे शहर माहीत आहे ते ८ जुलै १९१० मुळे. सावरकरांनी बोटीतून समुद्रात उडी घेतली ते मार्सेलिस बंदर. आपल्या पुस्तकांत शहर तिथेच संपतं. फ्रेंच लोक त्याचा उच्चार मार्सेय असा करतात. पॅरिसनंतरचं हे फ्रान्समधलं सर्वांत मोठं शहर. लोकसंख्या पावणेनऊ लाखांच्या आसपास. अल्जेरिया, ट्युनिशिया, कोमोरोस, इटली, आर्मेनिया अशा कुठून कुठून आलेल्या माणसांनी ते वसवलं आहे. फ्रान्समधल्या मुसलमानांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती हिजाब, बुर्किनी आणि व्यंगचित्रं यांच्यापलीकडे फारशी जात नाही. मला मात्र या शहराचा कारभार कोण पाहतो, पैसा कुणाचा, आणि तिथल्या माणसांची मोजदाद कशी होते, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे वाटतात. कारण गरिबाचं आयुष्य टीव्हीवरच्या वादापेक्षा या गोष्टींनी जास्त ठरतं.

१ जानेवारी २०१६ पासून मार्सेय हे एकटं शहर राहिलेलं नाही. त्या दिवशी ‘एक्स-मार्सेय-प्रोव्हान्स’ नावाची मेट्रोपोल, म्हणजे महानगर संस्था, सुरू झाली. त्याआधी या भागात सहा वेगवेगळे नगरसंघ होते, ते मोडून ही एक केली. तिच्यात ९२ कम्यून आहेत. कम्यून म्हणजे आपल्याकडची ग्रामपंचायत म्हणा किंवा महापालिका म्हणा, फ्रान्समध्ये दोन्हींना एकच शब्द आहे आणि दोन्हींना महापौर असतो. सगळी मिळून सुमारे १९ लाख माणसं आणि तीन हजारांहून अधिक चौरस किलोमीटरचा पसारा. पॅरिसची महानगर संस्था याच्या जवळपास चौथ्या हिश्श्याएवढ्या जागेत बसते. आत काय नाही? फॉसचा पोलाद कारखाना आहे, बेर सरोवराभोवतीचे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, मारिन्यानचा विमानतळ आणि तिथला हेलिकॉप्टरचा कारखाना आहे. एक्सचं सुखवस्तू विद्यापीठ-शहर आहे, आणि डोंगरातली द्राक्षमळ्यांची गावंही आहेत.

आता यातली मेख. उद्योग, विमानतळ, व्यापारी वसाहती मार्सेयच्या हद्दीबाहेर. गरिबी मात्र मार्सेयच्या हद्दीत. वर्षानुवर्षं कारखान्यांचा कर ज्या गावात कारखाना त्या गावाच्या किंवा त्या गावाच्या संघाच्या तिजोरीत जात होता. त्या पैशातून तिथे पोहण्याचे तलाव झाले, सभागृहं झाली. ओबान्य शहराने तर २००९ पासून बस सगळ्यांना फुकट केली. तिथून मार्सेय पंधरा-वीस किलोमीटरवर आहे, आणि मार्सेयमध्ये तिकीट काढावं लागतं.

साहजिकच, २०१४ च्या कायद्याने ‘सगळे एक व्हा’ असं सांगितल्यावर गावं उठली. या जिल्ह्यातल्या ११९ महापौरांपैकी १०९ जणांनी विरोध केला. त्यात उजवे होते, डावे होते, कम्युनिस्टही होते. एक्सच्या महापौर मारीझ ज्वासाँ कोर्टात गेल्या. आमच्या गावाची ओळख जाईल, निर्णय लांब जातील, ही त्यांची भाषा. ती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण इतक्या वेगळ्या पक्षांचे लोक एका गोष्टीवर इतके सहमत होतात तेव्हा खाली तिजोरी असते, हे समजायला फार राज्यशास्त्र लागत नाही.

पॅरिसने कायदा लादला खरा, पण लादताना सवलती दिल्या. जुन्या सहा संघांच्या जागी सहा ‘प्रदेश परिषदा’ ठेवल्या. नाव बदललं, माणसं तीच. शिवाय मेट्रोपोल जो कर गोळा करते, त्यातला मोठा हिस्सा ‘भरपाई’ म्हणून कम्यूनना परत देते. म्हणजे एका दाराने पैसा महानगराच्या घरात येतो आणि दुसऱ्या दाराने जुन्या मालकाकडे जातो. प्रादेशिक लेखापरीक्षकांनी यावर ताशेरे ओढले आहेत. प्रदेश परिषदा अखेर २०२२ मध्ये कायद्याने रद्द झाल्या. भरपाईची पद्धत मात्र राहिली.

मग मतदाराचं काय? फ्रान्समधलं दुसरं मोठं महानगर ल्यों. तिथे २०२० पासून महानगर परिषदेचे १५० सदस्य लोक थेट निवडून देतात, त्यासाठी वेगळं मतदान होतं. मार्सेयच्या महानगर परिषदेत २४० सदस्य आहेत, पण त्यांच्यासाठी वेगळं मतदान नाही. पालिकेच्या निवडणुकीत यादीतल्या ज्या नावांवर खूण असते ते आपोआप महानगरात जाऊन बसतात. परिणाम २०२० मध्ये दिसला. शहरात पंचवीस वर्षांनी सत्तापालट झाला. झाँ-क्लोद गोदँ यांची कारकीर्द संपून डाव्या आघाडीच्या मिशेल रुबिरोला आणि काही महिन्यांत बेन्वा पायाँ महापौर झाले. महानगराच्या अध्यक्षपदी मात्र उजव्या बाजूच्या मार्तीन व्हासाल कायम राहिल्या, आणि त्याच वेळी त्या जिल्हा परिषदेच्याही अध्यक्ष होत्या. कचरा, पाणी, बस, मेट्रो महानगराकडे. शाळेची इमारत आणि धोकादायक घराची नोटीस शहराकडे. २०२१ च्या शरदात कचरा कामगारांचा संप झाला, ढीग साचले, त्यावर ४ ऑक्टोबरला मुसळधार पाऊस पडला आणि सगळा कचरा वाहत किनाऱ्यावर गेला. शहर म्हणालं, कचरा आमच्याकडे नाही. ते खरंही होतं. पण आपण मत दिलेल्या माणसाकडे तो विषयच नाही, हे ऐकून नागरिकाने करायचं काय?

शहराच्या आतही अशीच गंमत होती. १९८२ च्या कायद्याने पॅरिस, ल्यों आणि मार्सेय या तीन शहरांसाठी वेगळी निवडणूक पद्धत आणली. मार्सेयचे सोळा प्रभाग, त्यांचे गट करून मतदान. तेव्हा फ्रान्सचे गृहमंत्री होते गास्तों देफेर, आणि तेच मार्सेयचे महापौरही होते! १९८३ च्या निवडणुकीत गोदँ यांच्या बाजूला एकूण मतं जास्त पडली आणि जागा देफेर यांना जास्त मिळाल्या. हद्द कुठून आखायची हे ज्याच्या हातात, त्याला मतांची फार काळजी करावी लागत नाही. हा कायदा २०२५ मध्ये बदलला. शहर परिषदेसाठी आता वेगळी मतपत्रिका आली. पण तो बदल शहरापुरता. महानगर परिषदेला थेट मतदान मिळालेलं नाही.

हे सगळं कागदी वाटत असेल तर नोआय वस्तीतल्या ओबान्य गल्लीकडे पाहावं. जुन्या बंदरापासून चालत दहा मिनिटांवर. ५ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी तिथल्या ६३ आणि ६५ क्रमांकाच्या इमारती कोसळल्या. आठ माणसं गेली. ६३ क्रमांकाची इमारत रिकामी होती आणि पालिकेशी संबंधित गृहनिर्माण कंपनीच्या मालकीची होती. ६५ मध्ये माणसं राहत होती. त्या इमारतीची १८ ऑक्टोबरला तपासणी होऊन रहिवाशांना परत आत जाऊ दिलं होतं. २०१५ मध्ये सरकारी अहवालाने सांगितलेलं होतं की मार्सेयमध्ये सुमारे ४० हजार घरं राहण्यालायक नाहीत आणि त्यांत एक लाख माणसं राहतात. म्हणजे आकडा होता, अहवाल होता. धोकादायक इमारतीची नोटीस महापौराने काढायची, आरोग्याला घातक घराची प्रीफेक्टने, गृहनिर्माणाचं धोरण महानगराचं, आणि दुरुस्ती मालकाची. चार दारं, आणि प्रत्येक दारावर पुढच्या दाराचा पत्ता. दुर्घटनेनंतर मात्र सगळे जागे झाले, हजारो लोकांना घरांतून बाहेर काढलं, अनेकांचे महिने हॉटेलच्या खोल्यांत गेले. खटला २०२४ च्या अखेरीस उभा राहिला आणि २०२५ च्या जुलैमध्ये निकाल लागला.

आता मोजणीकडे येतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. फ्रान्सची सांख्यिकी संस्था ‘इन्से’ उत्तम काम करते. कुठल्याही कम्यूनचं पान उघडा, लोकसंख्या, घरं, नोकऱ्या, उत्पन्न सगळं समोर येतं. मोठ्या शहरांत साधारण दोन हजार वस्तीच्या तुकड्यांपर्यंत माहिती मिळते. आपल्याकडे जनगणनाच लांबलेली, तेव्हा हेवा वाटावा अशी व्यवस्था. पण चर्चेत, प्रस्तावांत, वर्तमानपत्रांत वापरला जातो तो महानगराचा आकडा. त्या आकड्यात एक्सच्या बंगल्याचं उत्पन्न आणि मार्सेयच्या तिसऱ्या प्रभागातल्या खोलीचं उत्पन्न मिसळलेलं असतं. मिश्रण बरं दिसतं. मार्सेय शहर वेगळं काढलं तर साधारण चौथा हिस्सा माणसं दारिद्र्यरेषेखाली निघतात. तिसरा प्रभाग वेगळा काढला तर निम्म्याहून जास्त. आमच्याकडे शाळेचा निकाल ऐंशी टक्के लागला की फलक लागतो. नापास झालेली मुलं एकाच तुकडीतली होती हे फलकावर नसतं.

शाळेचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, मी मास्तर माणूस. फ्रान्समध्ये प्राथमिक शाळेचा शिक्षक केंद्र सरकारचा नोकर आणि इमारत कम्यूनची. माध्यमिकची इमारत जिल्ह्याची, त्यापुढची प्रांताची. मार्सेयमध्ये साडेचारशेहून अधिक सरकारी बालवाड्या आणि प्राथमिक शाळा आहेत. २०१५ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका शिक्षिकेने शिक्षणमंत्र्यांना उघडं पत्र लिहिलं, शाळांची पडझड, थंडी, गळती यांबद्दल. ते देशभर गाजलं. पालिकेने मग ३४ शाळा खासगी भागीदारीतून नव्याने बांधायची मोठी योजना काढली. शिक्षक, पालक, वास्तुविशारद तिच्याविरुद्ध गेले आणि २०१९ मध्ये प्रशासकीय न्यायालयाने ती रद्द केली. मध्यंतरी, २०१७ मध्ये, केंद्राने गरीब वस्त्यांतल्या पहिलीच्या वर्गात बाराच मुलं ठेवायचं ठरवलं. निर्णय उत्तम. पण वर्ग निम्मे करायचे तर खोल्या दुप्पट हव्यात. खोल्या देणार पालिका, जिच्याकडे असलेल्या खोल्याच गळत होत्या! शिक्षक पाठवणारा वेगळा आणि छप्पर देणारा वेगळा असला की काय होतं, हे ज्याने एका खोलीत दोन वर्ग घेतलेत त्याला सांगावं लागत नाही.

याच शिक्षण खात्याकडे आणखी एक आकडा होता. प्रत्येक शाळेचा ‘सामाजिक स्थान निर्देशांक’. मुलांच्या आईवडिलांच्या व्यवसायावरून तो काढतात. खातं तो वापरत होतं, पण जाहीर करत नव्हतं. शाळांना शिक्का बसेल म्हणे. २०२२ मध्ये न्यायालयाने आदेश दिला तेव्हा तो बाहेर आला, आणि देशातल्या तळाच्या शाळांत मार्सेयच्या शाळा दिसल्या. शिक्का तर आधीपासून होताच. पालकांना आणि मुलांना तो माहीत होता. फक्त त्याचा पुरावा त्यांच्या हातात नव्हता.

राहिला धर्माचा रकाना. फ्रान्सच्या जनगणनेत १८७२ नंतर धर्म विचारलेला नाही. २००७ मध्ये तिथल्या घटना परिषदेने वंशाच्या आधारे आकडेवारी गोळा करण्यालाही नकार दिला. जन्मदेश आणि राष्ट्रीयत्व विचारतात. म्हणून मार्सेयमध्ये मुसलमान किती, याचं अधिकृत उत्तर नाही. यामागची भीती मला समजते. नाझीधार्जिण्या सरकारने ज्यूंच्या याद्या केल्या, त्या याद्यांचं काय झालं हे त्या देशाने पाहिलेलं आहे. आपल्याकडेही यादी कुणाच्या हातात पडेल ही धास्ती दंगलीच्या दिवसांत लोकांनी अनुभवली आहे. तरीही मी मोजणीच्याच बाजूने आहे. सच्चर समितीचा २००६ चा अहवाल आला तो धर्माचा रकाना होता म्हणून. त्याआधी ‘मुसलमानांचे लाड’ हे वाक्य बिनदिक्कत चालायचं. अजूनही चालतं, पण आता समोर ठेवायला कागद आहे. महाराष्ट्रात महमूदुर रहमान समितीचं कामही त्याच वाटेने झालं.

फ्रान्सने यावर एक आडमार्ग काढला. २०१४ च्या कायद्याने ‘प्राधान्य वस्त्या’ ठरवताना फक्त उत्पन्न पाहिलं. देशाच्या नकाशावर २०० मीटरचे चौकोन आखले, आणि जिथे उत्पन्न ठरावीक पातळीखाली, तिथे रेषा मारली. मार्सेयची साधारण चौथा हिस्सा वस्ती या रेषांच्या आत आली. पद्धत स्वच्छ आहे, गरिबाला गरीब म्हणून मदत, नाव न विचारता. पण नोकरीच्या अर्जावर नाव पाहून फाईल बाजूला ठेवणारा माणूस २०० मीटरच्या चौकोनात सापडत नाही. त्यासाठी संशोधकांना खोट्या नावांनी अर्ज पाठवून चाचण्या कराव्या लागतात. राष्ट्रीय पातळीवर धर्म विचारणारं एक मोठं नमुना सर्वेक्षण २००८ आणि पुन्हा २०१९ मध्ये झालं. शहरपातळीवर मात्र अंधार, आणि त्या अंधारात ज्याला जो आकडा ओरडायचा तो तो ओरडतो. मोजणी टाळल्याने द्वेष कमी झालेला नाही. उत्तर द्यायचं साधन तेवढं गेलं.

सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्राँ मार्सेयला गेले आणि शाळा, वाहतूक, घरं यांच्यासाठी अब्जावधी युरोंची योजना जाहीर करून आले. १८८ शाळांची दुरुस्ती त्यात आहे. वाहतुकीच्या पैशाला त्यांनी अट घातली, आधी महानगराचा कारभार सुधारा. देशाच्या लेखापरीक्षण न्यायालयाने २०२४ मध्ये याच योजनेच्या देखरेखीवर टीका केली. उत्तरेकडच्या वस्त्यांच्या दिशेने मेट्रोची एक मार्गिका २०१९ च्या अखेरीस गेझपर्यंत गेली. पंधराव्या आणि सोळाव्या प्रभागांतल्या बहुतेक लोकांना अजूनही तिथून पुढे बस धरावी लागते. बस महानगराची, आणि महानगर परिषदेसाठी त्या प्रवाशाच्या हातात वेगळी मतपत्रिका नाही.