आभाळातून दिसणारा धूर



शेजारचा बांध पेटला की धूर कुठल्या अंगाला चालला, हे तुम्ही ओट्यावर बसून सांगता. पण आग शेकडो किलोमीटर दूर असेल तर? ७ जून २०२३ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराचे आभाळ भरदिवसा नारिंगी झाले, लोकांचे डोळे चुरचुरू लागले. शहरात आग कुठेच नव्हती. जळत होती ती कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातली जंगले. त्या वर्षी कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळाले. आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मे क्षेत्र झाले की हे! त्याच महिन्यात तो धूर समुद्र ओलांडून नॉर्वेपर्यंत गेला.

हा माग काढला उपग्रहांनी. काही उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून एकाच भागावर नजर ठेवून असतात. दर काही मिनिटांनी आलेली त्यांची चित्रे जोडली की धूर सिनेमासारखा सरकताना दिसतो. दुसरे उपग्रह ८०० किलोमीटरच्या आसपास फिरतात. ते एका जागेवरून दिवसरात्रीत दोनदाच जातात, पण बारकाईने पाहतात आणि आगीची धग टिपतात. ढग पांढरा व दाट दिसतो, धूर राखाडी व विरळ. मात्र ढगाखाली दडलेला धूर वरून दिसत नाही.

आणखी एक अडचण आहे. वरून काढलेल्या साध्या चित्रावरून धूर उंच आहे की जमिनीलगत, हे कळत नाही. उंच असला तर नुसता सूर्य तांबडा दिसतो. खाली उतरला तर छातीत जातो. म्हणून जमिनीवरची मापनयंत्रे लागतातच.

वेळेचीही गंमत पाहा. खालचा उपग्रह भारतावरून दुपारी दीडच्या सुमारास जातो. पंजाब-हरियाणात भाताचे काड त्यानंतर पेटवले, तर त्याच्या दुपारच्या मोजणीत ती आग येत नाही. २०२४ साली दक्षिण कोरियाच्या स्थिर उपग्रहाच्या चित्रांत दिसले की, पुष्कळ आगी दुपार टळल्यावर लागतात. तेव्हा आगीचे ठिपके कमी झाले म्हणजे धूर कमी झाला, असे मी तरी चटकन मानणार नाही.

आपल्याकडे उसाचे पाचट पेटते. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते जाळले की त्यातले बहुतेक नत्र धुरावाटे जाते, आणि युरियाला मात्र आपण पैसे मोजतो! खोडव्यात पाचट सरीत दाबा, वर युरिया, सुपर फॉस्फेट व पाचट कुजवणारे जिवाणू टाका.

धूर गावात उतरलाच, तर दमेकरी, लेकुरवाळ्या आणि म्हाताऱ्या माणसांना घरात ठेवा. ओला पंचा तोंडाला बांधून भागत नाही. धुराचे बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही लहान असतात.