यंत्र येईल, पायाची नाडी कोण पाहणार?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराचे सारे भांडवल म्हणजे त्याचे हातपाय. म्हणूनच, अतिदक्षता विभागात हृदयाला आधार देणारी यंत्रे बसवली की गरिबाला न्याय मिळाला, हा समज तपासून घेतला पाहिजे.

हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यानंतर हृदय रक्त ढकलेनासे झाले, की बहुधा जांघेतील रोहिणीतून नळी घालून ते काम यंत्राकडून करवून घेतात. पण पायाला रक्त जाते तेही याच वाटेने. नळीने ती वाट अडली, की पाय थंड व निळा पडतो. वेळ दवडली तर तो कापावा लागतो. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या औषधाने रक्तस्रावाचा धोका वाढतो तो वेगळाच.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, जर्मनी व स्लोव्हेनियातील ४१७ रुग्णांच्या चाचणीत शरीराबाहेरून रक्ताभिसरण चालविणाऱ्या यंत्रावरील ११ टक्के रुग्णांना रक्तवाहिन्यांच्या अशा गुंतागुंतीसाठी उपचार करावे लागले. इतरांत हे प्रमाण ३.८ टक्के होते. तीस दिवसांतील मृत्यू मात्र दोन्ही गटांत सारखेच, ४८ व ४९ टक्के. उलट २०२४ सालच्या दुसऱ्या चाचणीत हृदयात बसविलेल्या सूक्ष्म पंपामुळे निवडक रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण ५८.५ वरून ४५.८ टक्क्यांवर आले. तेव्हा यंत्राला सरसकट विरोध करणे अडाणीपणाचे ठरेल. पण तेथेही पायाचा रक्तपुरवठा तुटण्याचे प्रमाण १.१ टक्क्याऐवजी ५.६ टक्के झालेच.

हा पाय वाचवते कोण? तासातासाला दोन्ही पावलांची नाडी, रंग व ऊब ताडून पाहणारी परिचारिका. गरज पडताच पायाकडे रक्त नेणारी दुसरी बारीक नळी घालणारा डॉक्टर. आणि रात्री-अपरात्री हाताशी असणारा रक्तवाहिन्यांचा शल्यविशारद. ही माणसे निविदा काढून विकत मिळत नाहीत. त्यांची पदे निर्माण करावी लागतात, ती भरावी लागतात, दरमहा वेतन द्यावे लागते. यंत्राचे उद्घाटन होते. भरलेल्या पदाची फीत कोणी कापत नाही!

गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे २०१९ साली हा जिल्हा देशभर गाजला. अंकुश नसलेल्या वैद्यकाची किंमत कोणाच्या देहातून वसूल होते, हे येथे नव्याने सांगावयास नको.

म्हणून कार्यकर्त्यांनी मागणीचा क्रम बदलावा. आधी झटका येताच तालुक्यातच तपासणी व गुठळी विरघळविणारे औषध, आणि रोहिणी वेळेत मोकळी करणाऱ्या केंद्रापर्यंत रुग्णवाहिका. मग अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात माणसांची पदे. यंत्र त्यानंतर, आणि त्यावरील किती रुग्ण वाचले व किती जणांचे पाय गेले, याचा जाहीर हिशेब त्याच्यासोबत. हा क्रम उलटा झाला, तर यंत्राची किंमत सरकार भरेल आणि पायाची किंमत ऊसतोड कामगार.