सिराजालाची चिकित्सा : तेलाआधी परीक्षण

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रापाशी पाळीभर उभे राहणारे कामगार आणि पालघरमधील गृहिणी एकच तक्रार घेऊन आपल्याकडे येतात : 'पायावर निळ्या रेषा उमटल्या आहेत.' आपण तेल लिहून देतो. औषधालयातून ते तत्परतेने दिले जाते. परीक्षण मात्र राहून जाते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कामगारास मी सहचरादि तैल व कैशोर गुग्गुळ दिले. उभे करून पाय पाहिला नाही. आठ महिन्यांनी तो घोट्यापाशी व्रण घेऊनच परतला. डॉप्लर तपासणीत मांडीतील मुख्य नीलेच्या झडपा निकामी आढळल्या. दोष तेलाचा नव्हता, माझ्या परीक्षणाचा होता.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या, 1 मि.मी.हून बारीक रेषा बहुधा केवळ सौंदर्याचा प्रश्न असतात. तेलाने त्या पुसल्या जात नाहीत; रुग्णास हवे असल्यास स्क्लेरोथेरपी हा प्रमुख उपाय आहे, परंतु त्यानंतरही नव्या रेषा उमटू शकतात. 3 मि.मी. वा अधिक रुंदीच्या, वेड्यावाकड्या फुगलेल्या नीला, घोट्याभोवतीचा काळसरपणा, सूज वा व्रण दिसल्यास डॉप्लर करवून घ्यावे. लेसर वा रेडिओफ्रीक्वेन्सी उपचारांसाठी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. एकाच पोटरीस अकस्मात सूज व वेदना असल्यास अभ्यंग मुळीच करू नये. रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. तेथे नीलेत रक्ताची गुठळी असण्याची शंका असते.

जलौकावचारणाचा उत्साहही विवेकाने आवरावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांस वा पायाचा धमनीरक्तपुरवठा क्षीण असलेल्यांस ते करू नये. एका रुग्णास लावलेली जळू दुसऱ्यास कदापि लावू नये.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंनाही विनंती, की दाबाचे मोजे केवळ अंदाजाने देऊ नयेत. घोट्याचे व पोटरीचे माप घ्यावे आणि वैद्याने पावलाची नाडी तपासल्याची खात्री करावी.

मग आपल्या हाती काय उरते? पुष्कळ उरते. चालणे, उभ्या कामात टाचा वारंवार उचलणे, विश्रांतीत पाय उंच ठेवणे, वजन व मलावष्टंभ यांवर नियंत्रण, त्वचेचे रक्षण, जडपणासाठी सौम्य अभ्यंग. हे सर्व लक्षणे कमी करते. निकामी झडप मात्र दुरुस्त करीत नाही. रुग्णास हे स्पष्ट सांगावे.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या 11 व्या अध्यायात सिराज ग्रंथी वर्णिताना कृच्छ्रसाध्य कोणता व वर्ज्य कोणता, हे निःसंकोच सांगितले आहे. मर्यादा सांगण्याने शास्त्र उणे होत नाही. ती लपविल्याने वैद्य मात्र उणा ठरतो.