माळ अर्ध्यावर टाकू नका



कशेडीत माझ्या हातातला मोबाईल पाहून एका माळकऱ्याने विचारले, "बुवा, जन्मभर कीर्तनात देह नाशवंत म्हणून सांगितलेत, आणि आता त्याचीच पावले मोजता?" होय, मोजतो. आणि तुम्हीही मोजा, असे सांगायलाच आज लेखणी धरली आहे.

देह नाशवंत खरा, पण वारी याच देहाने होते. आळंदी ते पंढरी सुमारे अडीचशे किलोमीटर हेच गुडघे आपल्याला नेतात. मला मधुमेह निघाला तेव्हा वजन ८६ किलो होते. दोन वेळचे मोजके जेवण, घाटाच्या जुन्या रस्त्याने रोजचे चालणे आणि नातवाने मोबाईलवर लावून दिलेली नोंद, यांनी वर्षात ७४ वर आलो. मग म्हटले, काम झाले, मिटा ती नोंद. आठ महिन्यांत ८१! साखरही मागोमाग चढली.

घाटातल्या माणसाला हे आधीच कळायला हवे होते. चढणीला सगळेच सावध असतात. गाडी हातातून सुटते ती उतारावर. वजन घटले की शरीराला पूर्वीपेक्षा कमी अन्न पुरते, भूक मात्र वाढते. म्हणजे खरा नेम वजन उतरल्यावरच लागतो. एकदा विठ्ठल पाहिला म्हणून कोणी वारी सोडतो का?

आपली आणखी एक खोड आहे. पंगतीत दोन लाडू जास्त गेले की दुसऱ्या दिवशी आपण वजनकाटा टाळतो. मोबाईल सांगतो, सलग दिवसांची साखळी तुटली. आपण रुसतो आणि सगळेच सोडून देतो. जपात मन भरकटले म्हणून माळ फेकून देता का? पुढचा मणी ओढताच ना?

मोबाईलची गुलामीही नको. रोज दहा हजार पावले हे काही शास्त्रवचन नव्हे. १९६५ साली जपानात विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातला तो आकडा. झेपेल तेवढाच नेम धरा, पण धरलेला सोडू नका. मी रोज पावले पाहतो. विठ्ठलाचा वार म्हणून दर बुधवारी काट्यावर उभा राहतो. एकादशीची साबुदाण्याची खिचडीसुद्धा न लपवता लिहितो. दोन किलो वाढले की रात्रीचा भात कमी करतो.

आकडा देव नव्हे, दिंडीतला चोपदार आहे. त्याच्याकडे पाठ फिरवली की दिंडी विस्कटते.

रामकृष्णहरी!