वायुवाहिनीचे नवे दायित्व
१९४१ साली स्थापन झालेल्या स्नाम या इटालियन कंपनीने ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि ग्रीस येथील वायुवाहिन्यांत भागीदारी मिळवून आपला कारभार स्वदेशाच्या सरहद्दीपलीकडे नेला, हे तिच्या व्यवहारचातुर्याचे द्योतक खरे. परंतु त्याहून मोलाचा मला वाटतो तो २०१९ साली इटलीतील सालेर्नो प्रांतातल्या कोंतुर्सी तेर्मे येथे तिने केलेला प्रयोग, ज्यात नैसर्गिक वायूमध्ये प्रथम ५ आणि वर्षअखेरीस १० टक्के हायड्रोजन मिसळून तो एका पास्ता कारखान्याला पुरविण्यात आला. तथापि, समान आकारमानाच्या हायड्रोजनात मिथेनच्या सुमारे एक-तृतीयांशच ऊर्जा असल्यामुळे, अशा १० टक्क्यांच्या मिश्रणानेही कर्बोत्सर्जन जेमतेम ३ टक्क्यांनी घटते, आणि तेही तो हायड्रोजन हरित, म्हणजे नवीकरणीय ऊर्जेपासून बनविलेला, असेल तरच. म्हणून मिश्रणावर समाधान न मानता शुद्ध हरित हायड्रोजनासाठी स्वतंत्र वाहिन्या सिद्ध करणे, हेच या कंपनीचे खरे कर्तव्य होय.