कोठी भाड्याची, जबाबदारी मालकाची

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या संगणक-केंद्राला आग लागून त्यातील एक इमारत जळून खाक झाली. ज्यांचे मूळ दप्तर आणि त्याची प्रत दोन्ही तेथेच होती, अशा ग्राहकांची माहिती कायमची नाहीशी झाली. 'क्लाउड'वर ठेवले म्हणजे सुरक्षित झाले, ही भाबडी समजूत त्या आगीने खोटी ठरविली आहे.

आपल्याकडील संस्था आणि कारखानेही आता भाड्याच्या सर्व्हरकडे वळत आहेत. त्यात गैर काही नाही. परंतु सर्व्हरला जोडावयाचे साठवणीचे व्हॉल्यूम निवडताना जागा किती आणि दर काय, एवढेच विचारले जाते. काम कोणत्या प्रकारचे, हा प्रश्न राहून जातो. ॲमेझॉनच्या सेवेतील जीपी३ या सर्वसाधारण व्हॉल्यूमला, ते लहान असले तरी, सेकंदाला ३,००० वाचन-लेखन क्रियांचा वेग मिळतो. आधीच्या जीपी२ प्रकारात वेग आकाराबरोबर वाढतो. त्यामुळे वेगासाठी नको असलेली जागा घ्यावी लागे. खातेदारांचे अखंड व्यवहार सांभाळणाऱ्या डेटाबेसला आयओ२ हा अधिक टिकाऊ प्रकार योग्य. क्वचित लागणाऱ्या जुन्या नोंदींना फिरत्या चकतीचा स्वस्त प्रकार पुरतो. शिवाय व्हॉल्यूम मागाहून वाढविता येते, लहान करता येत नाही. तेव्हा आरंभीच भारंभार जागा घेणे हे शहाणपणाचे नव्हे.

याहून मोलाची गोष्ट निराळीच आहे. असे व्हॉल्यूम एकाच झोनमध्ये वसते. त्याचे स्नॅपशॉट नियमाने घेणे आणि एक प्रत दुसऱ्या शहरातील केंद्रात ठेवणे, हे ग्राहकाचेच काम होय. ॲमेझॉनची केंद्रे मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून आहेत. म्हणजे त्यासाठी देशाबाहेर जावे लागत नाही. सर्व्हर काढून टाकताच त्याचे मूळ व्हॉल्यूमही पुसले जाते, ही नेहमीची मांडणी प्रथमच बदलून घेतली पाहिजे.

हे सारे ठेकेदारावर सोपवून संचालक मंडळांना मोकळे होता येणार नाही. कोठी भाड्याची असली तरी आतले धान्य लोकांचे आहे. प्रतीवरून दप्तर खरोखर पुन्हा उभे राहते काय, याची चाचणी वर्षातून एकदा तरी संचालकांसमक्ष व्हावी आणि तिचा अहवाल सर्वसाधारण सभेपुढे यावा. तो आला नाही, तर सभासदांनी उभे राहून मागावा. मागितल्यावाचून हिशेब मिळत नाही, हा लोकशाहीचा जुनाच धडा आहे.