तक्रारी किती झाल्या म्हणजे दोष हा दोष ठरतो?

मोटारमालकांच्या गाऱ्हाण्यांची दखल श्रमिकांच्या साप्ताहिकाने कशासाठी घ्यावी, असा प्रश्न आमचे काही कार्यकर्ते विचारतील. प्रश्न गैर नाही. ज्याला उंच, ऐसपैस एसयूव्ही परवडते त्याचा कैवार घ्यायला वकिलांची वाण पडत नाही. परंतु दक्षिण आफ्रिकेतील फोर्ड कंपनीच्या 'कुगा' गाड्यांचे प्रकरण ज्यांनी बारकाईने पाहिले असेल, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. संघटित भांडवलासमोर एकटा उभा राहिलेला पैसेवाला ग्राहकसुद्धा किती दुबळा असतो! मग ज्याने हप्त्यांवर जुनी टॅक्सी घेतली आहे त्याची काय कथा?

मुळात यंत्राची गोष्ट साधी आहे. इंजिनात इंधन जळते आणि त्या उष्णतेचा मोठा भाग बाहेर टाकावाच लागतो. त्यासाठी शीतक द्रव इंजिनाभोवती खेळवून रेडिएटरमध्ये आणतात आणि पंखा त्यावरून हवा खेचतो. जुन्या गाड्यांत हा पंखा पट्ट्यावर फिरे. पट्टा तुटला तर बोनेट उघडताच दिसे. घाटात रेडिएटर उकळला तर चालक गाडी कडेला घेई, निवू देई आणि पाणी ओतून पुढे निघे. आजच्या गाडीत पंखा केव्हा आणि किती वेगाने फिरावा हे संगणक ठरवतो. पंखा फिरला नाही, किंवा पंखा फिरूनही द्रवच खेळता राहिला नाही, तर मालकाला ते बहुधा कळते तापमानाचा काटा तांबड्या रेषेवर गेल्यावर. त्या संगणकात काय भरले आहे हे कारखानदार जाणतो. मालक जाणत नाही, आणि पुष्कळदा दुरुस्ती-केंद्रातला मिस्त्रीही जाणत नाही. दोषाचे ज्ञान हीच येथे मालमत्ता झाली आहे, आणि ती एकाच पक्षाच्या तिजोरीत आहे.

कुगाच्या 1.6 लिटर इंजिनात हेच घडले. शीतक द्रवाचे अभिसरण अपुरे पडून इंजिन तापे, सिलिंडर हेडला तडा जाई, तेल झिरपे आणि तप्त भागांवर पडून पेट घेई. 16 जानेवारी 2017 रोजी कंपनीने दक्षिण आफ्रिकेतील 4,556 गाड्या परत बोलावल्या. तोवर 39 गाड्यांना आगी लागल्याचे तिनेच मान्य केले होते. डिसेंबर 2015मध्ये वाइल्डरनेस येथे एक तरुण आपल्या कुगामध्ये जळून मरण पावला होता. त्या आगीचा इंजिनाशी संबंध असल्याचे कंपनीने नाकारले. त्याच्या कुटुंबाने मात्र लढा सोडला नाही.

आता दुसरी बाजू पाहा. हीच गाडी अमेरिकेत 'एस्केप' या नावाने विकली जात होती. तिथे 1.6 लिटर इंजिनाच्या एस्केप व फ्यूजन मिळून 89,000हून अधिक गाड्या कंपनीने 2012च्या अखेरीसच परत बोलावल्या होत्या. गाड्या चालवू नका असे मालकांना बजावले होते आणि त्यांना बदली गाड्याही देऊ केल्या होत्या. 2013मध्ये पुन्हा सुमारे 1,40,000 एस्केप बोलावल्या गेल्या. दर वेळचा तांत्रिक तपशील एकच नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण इंजिन तापणे आणि आग लागणे हे सूत्र तेच होते. डेट्रॉइटजवळच्या मुख्य कचेरीला 2012मध्ये जी सावधगिरी सुचली, ती केप प्रांतात पोचायला चार वर्षे लागावीत? अमेरिकेत कोणाही मालकाची तक्रार सरकारी सुरक्षा-यंत्रणेकडे नोंदली जाते आणि ती कोणालाही वाचता येते, हा त्यातला मोठा फरक. दक्षिण आफ्रिकेतील मालकांना जळालेल्या गाड्यांची छायाचित्रे गोळा करून, एकमेकांना शोधून, स्वतःच ती नोंदवही उभी करावी लागली. राष्ट्रीय ग्राहक आयोग हलला तो या रेट्यानंतर.

आणि या साऱ्यात संतापाचा मारा कोणी सोसला? दुरुस्ती-केंद्राच्या खिडकीवर बसलेल्या नोकराने. वरून हुकूम येतो, 'सर्व ठीक आहे म्हणून सांगा,' आणि भस्म झालेल्या गाडीचा मालक त्याच्यावर ओरडतो. त्याच्या हाती ना आराखडा, ना अधिकार. ग्राहक चळवळीने या माणसाला शत्रू मानू नये. त्याची साक्ष हा तिचा सर्वांत मोलाचा पुरावा ठरू शकतो.

आपल्याकडे 2012पासून गाड्या परत बोलावणे हा कारखानदारांच्या स्वेच्छेचा मामला होता. 2019च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सरकारला सक्तीचा अधिकार दिला आणि त्याचे नियम 1 एप्रिल 2021पासून लागू झाले. ही प्रगती आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु मालकांच्या तक्रारींवरून चाके फिरायची तर त्या नियमांनी विक्रीच्या मानाने तक्रारींची किमान संख्या ठरवून दिली आहे. कुगाचा हिशेब करून पाहा: 4,556 गाड्यांत 39 आगी, म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही! ज्या दोषाने माणूस जळू शकतो त्याला आणि खडखडणाऱ्या दाराला एकाच मापाने मोजणारा नियम कोणाच्या सोयीचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

शिवाय ही सक्ती सात वर्षांहून कमी वयाच्या गाड्यांपुरती आहे. पहिला मालक गाडी विकून मोकळा होतो. आठव्या वर्षी ती ज्याच्या दारी येते तो बहुधा भाड्याने गाडी चालवून पोट भरणारा असतो. तेव्हा आगीच्या आणि ब्रेकच्या दोषांना संख्येची व वयाची अट नसावी, प्रत्येक मॉडेलच्या तक्रारी सरकारने जशाच्या तशा प्रसिद्ध कराव्यात आणि परदेशात परत बोलावलेल्या प्रत्येक गाडीची वर्दी कंपनीने महिन्याच्या आत येथे द्यावी, या मागण्या टॅक्सीचालकांच्या संघटनांनी आणि ग्राहक पंचायतींनी एकत्र बसून परिवहन मंत्रालयापुढे मांडाव्यात. आमचे कार्यकर्ते दोन्हीकडे आहेत. पहिली बैठक बोलावण्यास त्यांनी कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही.